पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन सायकलने : चढाची नको, कालव्याची तयारी करा

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातले पन्नाशीचे जोडपे, शनिवार-रविवारी ४०-५० किलोमीटर सायकल चालवण्याची सवय. मुलगी पिट्सबर्गला असते. तिथून वॉशिंग्टनपर्यंत गाड्यांच्या रस्त्यावर न जाता, जंगलातून आणि नदीकाठाने जाणारी वाट आहे असे त्यांनी ऐकले आहे. ती त्यांना जमेल का, अलेगेनी डोंगराचा चढ झेपेल का, कोणती सायकल घ्यावी, किती दिवस ठेवावेत आणि शाकाहारी खाण्याचे काय?

जमेल. मात्र चढाची काळजी इतकी करण्याचे कारण नाही. या प्रवासाचा कठीण भाग डोंगर ओलांडल्यानंतर सुरू होतो आणि तो जवळजवळ सपाट आहे.

ही एक वाट नाही, दोन वेगळ्या वाटा कंबरलँड गावात एकमेकींना जोडल्या आहेत. पिट्सबर्ग ते कंबरलँड हा १५० मैलांचा, म्हणजे २४० किलोमीटरचा 'ग्रेट अलेगेनी पॅसेज', सगळे त्याला 'गॅप' म्हणतात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तो केला. ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ साली खुला झाला आणि पिट्सबर्गपर्यंतचे शेवटचे अंतर २०१३ साली पूर्ण झाले. कंबरलँडपासून पुढे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत चेसापीक अँड ओहायो कालव्याची, म्हणजे सी अँड ओची वाट आहे. कालव्यातल्या नावा ओढणारी खेचरे जिथून चालत, ती ही १८४.५ मैलांची, म्हणजे २९७ किलोमीटरची पट्टी. दोन्ही मिळून साधारण ५३८ किलोमीटर.

हा फरक नीट लक्षात घ्या, पुढचे सगळे नियोजन त्याच्यावर अवलंबून आहे. रेल्वेचा पाया खडीचा असतो, पाणी त्यातून झिरपून जाते. गॅपवर त्या खडीवर चुनखडीची बारीक चुरी दाबून बसवली आहे. जोरदार पाऊस पडून गेला तरी काही तासांत वाट पुन्हा चालवण्याजोगी होते. कालव्याचा बांध बांधताना उद्देश नेमका उलटा होता : पाणी झिरपू नये. म्हणून तो चिकणमातीचा केला. त्यावर आता दोन्ही बाजूंनी झाडांची सावली, त्यामुळे ऊनही पोचत नाही. परिणाम असा की पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी चाकोऱ्यांत पाणी आणि चिखल राहतो. अलीकडे बऱ्याच टप्प्यांवर नव्याने खडीची चुरी टाकली आहे, तिथे फरक लगेच जाणवतो; पण सगळीकडे ती नाही. सामान लादलेली सायकल गॅपवर ताशी १६-१८ किलोमीटरने आरामात जाते, कोरड्या कालव्यावर १३-१५ ने आणि ओल्यावर कधीकधी दहानेसुद्धा. नकाशावरचे अंतर पाहून दोन्हीकडे सारखेच तास धरलेत तर कालव्यावर अंधार पडेल.

आता चढ. पिट्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २२० मीटरवर आहे आणि सर्वांत उंच ठिकाण, म्हणजे पूर्वेकडचा मुख्य जलविभाजक, ७२९ मीटरवर. ही पाचशे मीटरची उंची तुम्ही दोनशे किलोमीटरमध्ये चढता, म्हणजे बहुतेक ठिकाणी चढ आहे हे कळतही नाही. पलीकडे कंबरलँडपर्यंत मात्र तेवढीच उंची अवघ्या ३८ किलोमीटरमध्ये उतरायची. तो उतार सरासरी दीड टक्क्याच्या आसपास. कर्जत-लोणावळा रेल्वेचा बोरघाट ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्के आहे. इथला उतार सरासरी त्याच्या साधारण निम्मा समजा. वॉशिंग्टनहून निघाल्यास हाच भाग चढावा लागतो. तोही अशक्य नाही, पण तीन-चार तास एकसारखा रेटा द्यावा लागतो. मुलगी पिट्सबर्गला असताना उलट्या दिशेचा विचारच कशाला?

तयारी फुप्फुसांपेक्षा बैठकीची करा. खंडाळ्याचा घाट उतरताना पाय सोडून बसता येते, तसे इथे कंबरलँडकडचा उतार सोडला तर जवळजवळ कुठेच मिळत नाही. सपाट वाटेवर पाच-सहा तास सतत पेडल मारायचे म्हणजे सतत खोगिरावर बसायचे. दुखते ते बूड आणि तळहात. म्हणून जाण्याआधीचे दोन महिने, आठवड्यातून एकदा लागोपाठ दोन दिवस, रोज ६०-७० किलोमीटर, मागे दहा किलो वजन बांधून चालवा. खडकवासल्यावरून पानशेतला जाऊन परत येणे चालेल. जे खोगीर सवयीचे आहे तेच बरोबर न्या. सायकल तिथे भाड्याने घेतली तरी खोगीर आणि पेडल इथून नेता येतात, दोन्हींचे वजन किरकोळ असते.

सायकल कोणतीही चालते, फक्त टायर रुंद हवेत. गॅपवर ३२ मिलिमीटरही पुरतात, कालव्यावर ४० ते ४५ घ्या. टायरवर बारीक नक्षी पुरे. खोल गुंड्यांच्या टायरमध्ये चिकणमाती भरते आणि मग तो गुळगुळीत टायरसारखाच घसरतो. स्वार आणि सामान मिळून ९०-१०० किलो होत असेल तर ४२ मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ४० आणि मागे ४५-५० पीएसआय हवा ठेवा. रस्त्यावरच्या सवयीने ७० भरलीत तर मुळांवरचा प्रत्येक दणका थेट मनगटात जाईल आणि तिसऱ्या दिवशी करंगळी बधिर होईल. मडगार्ड जरूर लावा, पण टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किमान एक सेंटिमीटर मोकळे हवे. एवढी जागा नसेल तर चिखल आत दाटतो, चाक थांबते आणि दर पाचशे मीटरवर काटकीने तो उकरत बसावे लागते. अशा सायकलचे मडगार्ड कंबरलँडला काढून ठेवलेले बरे.

या वाटेवर सायकली बंद पडतात त्या बहुधा पंक्चरने नाही, काटकीने. बांधावर पडलेली फांदी पुढच्या चाकाखाली उडते, मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये अडकते आणि फिरत जाऊन रिअर डिरेलर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग, मुळासकट वाकवते. त्यामुळे मागून 'खटक' असा आवाज आला की सवय एकच लावून घ्या : त्या क्षणी पेडल थांबवायचे, मग ब्रेक. बघू काय होते ते म्हणून आणखी अर्धा फेरा मारला की डिरेलर गेला. तुमच्या फ्रेमचा सुटा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, बरोबर ठेवा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, वाटेवरच्या गावात मिळेलच असे नाही. भाड्याची सायकल असेल तर दुकानदाराकडून मागून घ्या. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्याशिवाय दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, चेन तोडायचे हत्यार, चेन जोडायच्या दोन क्विक लिंक, झिप टाय, ब्रेकपॅडची एक जोडी आणि चार-पाच एम-५ बोल्ट घ्या. कॅरियरचे बोल्ट कंपनाने ढिले होतात हे ठरलेलेच; निघण्यापूर्वी त्यांना निळे थ्रेडलॉक (बोल्ट घट्ट धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा आणि रोज सकाळी चावी फिरवून बघा. कॅरियरचा एक बोल्ट पडला की सगळे वजन दुसऱ्यावर येते आणि मग कॅरियरचा पाय मोडतो, तो जंगलात दुरुस्त होत नाही.

चुनखडीची चुरी ओली झाली की तिची राखाडी लापशी होते. ती चेनवर आणि ब्रेकपॅडवर बसते, वाळली की सिमेंटसारखी धरते. ओल्या तेलाला ती जास्त चिकटते, म्हणून मेणाचे किंवा कोरडे वंगण वापरा आणि संध्याकाळी आधी चेन पुसा, मग वंगण घाला. रिम ब्रेक असतील तर पावसात पॅड फार झपाट्याने झिजतात. प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊ नका. हबच्या बेअरिंगमध्ये ही लापशी घुसते. बाटलीभर पाणी आणि जुने फडके पुरते.

दिवस आठ धरा. पहिला दिवस पिट्सबर्गमधल्या पॉइंट स्टेट पार्कच्या कारंज्यापासून वेस्ट न्यूटनपर्यंत, ५८ किलोमीटर. सुरुवातीला मनॉन्गहेला नदी आणि जुन्या पोलाद गिरण्यांचा पट्टा लागतो, मॅकीसपोर्टनंतर यॉकोगेनी नदीचे खोरे. दुसरा ओहायोपाइलपर्यंत, ६८. कॉनेल्सव्हिल सोडल्यावर खरे जंगल सुरू होते, आणि ओहायोपाइलला नदी मोठे वळण घेते म्हणून रेल्वेने तिथे दोन उंच पूल बांधले, त्यांवरून वाट जाते. तिसरा मायर्सडेलपर्यंत, ६४. कॉन्फ्लुअन्सला यॉकोगेनी सोडून कॅसलमन नदी धरायची. वाटेत २५९ मीटरचा पिंकर्टन बोगदा आणि मायर्सडेलच्या अलीकडे ५८० मीटरचा सॉल्सबरी पूल. पुलावर थांबाच, खाली आख्खे खोरे, रेल्वे आणि महामार्ग दिसतात.

चौथा दिवस कंबरलँड, फक्त ५१ किलोमीटर, आणि घाई न करण्याचा. जलविभाजकाची खूण एका छोट्या भुयारी मार्गात आहे. त्यानंतर बिग सॅव्हेज बोगदा, एक किलोमीटर लांब. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा लावा आणि जाकीट आधीच अंगात घाला. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो आणि बाहेर पडल्याबरोबर उतार सुरू होतो. हा बोगदा हिवाळ्यात दारे लावून बंद करतात, साधारण डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, आणि वळसा म्हणून डोंगरी मोटार रस्ता उरतो. म्हणून या महिन्यांत ही सफर आखूच नका. पुढे मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे पेनसिल्व्हेनियाची हद्द, ओलांडून मेरीलँड राज्यात शिरता. उतारावर वेग आपोआप २५-३० वर जातो, पण खाली चुरी आहे हे विसरू नका : वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. फ्रॉस्टबर्ग गाव वाटेच्या बरेच वर आहे, नागमोडी पट्टीने चढून जावे लागते. जेवणासाठी तेवढे कष्ट घेण्याजोगे आहे.

पाचव्या दिवसापासून कालवा. जॉर्जटाउनपर्यंत ७४ लॉक (नावा वर-खाली नेणाऱ्या, दारे असलेल्या कोठ्या) आणि १८४ मीटर उतार, म्हणजे एका लॉकला साधारण अडीच मीटर. त्यामुळे वाट उतरते ती पायऱ्यांनी : काही किलोमीटर अगदी सपाट, मग लॉकच्या घराजवळ छोटीशी घसरण, पुन्हा सपाट. कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले. त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचेही. रेल्वे कंबरलँडला १८४२ साली पोचली, कालवा १८५० साली. नवे तंत्र दाराशी उभे असताना जुन्यावर पैसा ओतत राहण्याचे याहून चांगले उदाहरण सापडायचे नाही. तरी कोळशाच्या नावा १९२४ च्या पुरापर्यंत चालल्या. पुढे या पट्टीवर मोटाररस्ता करायचे घाटत होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याविरुद्ध १९५४ साली वृत्तपत्रांच्या संपादकांना बरोबर घेऊन कंबरलँडपासून वॉशिंग्टनपर्यंत पदयात्रा काढली. १९७१ साली या पट्टीचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले, म्हणून आज तुम्हाला ती गाड्यांशिवाय मिळते.

कंबरलँड ते हॅनकॉक हे ९७ किलोमीटर सगळ्यांत जपून आखा. दुकाने नावाला, मोबाइलला सिग्नल तुटक, आणि बहुतेकांच्या प्रवासाची आठवण बिघडते ती इथेच. पाचव्या दिवशी लिटल ऑर्लिन्सपर्यंत ७० किलोमीटर जा. तिथे मोजकी घरे आहेत, म्हणून आधी तिथली खोली पक्की करा आणि तिच्या तारखेवरून बाकीचे दिवस मांडा. कंबरलँड सोडताना प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि दीड दिवसाचे खाणे बरोबर हवे. वाटेत पॉ पॉ बोगदा लागतो : ९५० मीटर, साठ लाखांहून अधिक विटा, आत एकही दिवा नाही. चालायची पट्टी अरुंद, एका बाजूला कठडा आणि खाली पाणी. सायकलवरून उतरून ढकलत न्या, दिवा हँडलवर नको, डोक्यावर हवा. जमीन खडबडीत आहे आणि पॅनियर, म्हणजे कॅरियरच्या बाजूच्या पिशव्या, कठड्याला घासतात, तेव्हा दोघांनी एकामागे एक चला.

सहाव्या दिवशी विल्यम्सपोर्टपर्यंत ६६ किलोमीटर, आणि इथे एक चांगली पळवाट आहे. लिटल ऑर्लिन्सपासून हॅनकॉकवरून बिग पूलपर्यंत कालव्याला समांतर 'वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल' जाते, ४५ किलोमीटर, डांबरी. वटवाघळांसाठी राखलेला एक जुना बोगदा टाळायला ती मध्येच थोडी कालव्याच्या वाटेवर उतरते, बाकी गुळगुळीत. पाऊस झाला असेल तर हाच मार्ग धरा. 'आम्ही सगळा कालवा केला' असे सांगण्यासाठी चिखलातून जाण्यात काही शहाणपण नाही.

सातवा दिवस ब्रन्सविक, ७२ किलोमीटर. विल्यम्सपोर्टनंतर बिग स्लॅकवॉटर येथे कडा थेट नदीत उतरतो, तिथे पाण्यालगत काँक्रीटची पट्टी आहे. हार्पर्स फेरी गाव पलीकडच्या तीरावर, पोटोमॅक आणि शेनान्डोह यांच्या संगमावर. रेल्वे पुलाला लागून पादचारी मार्ग आहे, पण त्यावर जायला जिना चढावा लागतो. भरलेली सायकल उचलायच्या भानगडीत पडू नका. एकाने खाली सामानाजवळ थांबावे, दुसऱ्याने जाऊन यावे.

आठवा दिवस ८८ किलोमीटरचा आणि सर्वांत लांब, पण खालचा अर्धा भाग बऱ्यापैकी सुधारलेला आहे. मनॉकसी नदीवरचा सात कमानींचा दगडी जलसेतू चुकवू नका. कालवा नदीच्या डोक्यावरून नेला होता. ग्रेट फॉल्सपासून पुढे शहराची गर्दी सुरू होते. फ्लेचर्स कोव्हला, म्हणजे शेवटच्या पाच किलोमीटरसाठी, शेजारची डांबरी कॅपिटल क्रेसेंट ट्रेल धरा. कालव्याचा शून्य मैलाचा दगड जॉर्जटाउनमध्ये रॉक क्रीक हा ओढा पोटोमॅक नदीला मिळतो तिथे, बोटी भाड्याने देणाऱ्या केंद्राच्या मागे आहे, आणि तो विचारल्याशिवाय सापडत नाही.

मैलांचे दगड दोन्ही वाटांवर आहेत, आणि पिट्सबर्गहून येणाऱ्याला ते दोन्हीकडे उलटे मोजावे लागतात : गॅपवर १५० पासून शून्याकडे, कंबरलँडला पुन्हा १८४.५ पासून शून्याकडे. मागचा दगड कोणता गेला हे सतत ध्यानात ठेवा. अपघात झाला आणि ९११ ला फोन लागला तर 'सी अँड ओ, मैल १४७' एवढे सांगितले की मदत नेमक्या जागी येते. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर, आणि सायकलला घंटी सक्तीची आहे. उजवीकडून चालवायचे आणि दुसऱ्याला मागे टाकताना त्याच्या डावीकडून पुढे जायचे असते. आपल्या सवयीचा हात इथे उलटा पडतो, पहिल्या दिवशी जरा सांभाळा. रस्ते आडवे येतात तिथे थांबायची पाटी तुमच्यासाठी आहे, गाड्यांसाठी नाही.

राहण्याबद्दल : गावोगावी लॉज आणि घरगुती निवास आहेत, तुमच्या वयात मी तेच सुचवेन. मग सामान प्रत्येकी आठ-दहा किलोंत बसते. तंबू, गाद्या, स्टोव्ह घेतले की पंधरा. तंबूच हवा असेल तर कालव्यावर सायकलस्वार आणि पदयात्रींसाठी तीसेक मोफत तळ आहेत, शौचालय, बाकडे आणि हातपंपासह. आधी येईल त्याला जागा, आणि एका तळावर एकच रात्र. पंपाच्या पाण्याला औषधाची चव येते, लिंबाची पूड घातली की पिववते. पाण्याची तपासणी नापास झाली की पंपाचा दांडाच काढून ठेवतात, आणि हिवाळ्यात तर सगळ्यांचेच काढतात. म्हणून पुढच्या पंपाच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या करू नका. नदीचे पाणी गाळूनही नको : वर शेती आहे, कोळशाच्या जुन्या खाणी आहेत, आणि खिशातल्या गाळणीने रसायने अडत नाहीत. काही जुनी लॉकची घरेही रात्रीपुरती भाड्याने मिळतात; काहींत वीज-पाणी आहे, काहींत नाही, ते विचारूनच घ्या.

शाकाहाराची अडचण मोठ्या गावांत नाही, छोट्यांत आहे. तिथे चीज पिझ्झा, बटाटे आणि अंडी यांच्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. नाश्त्याला उपम्याचे किंवा पोह्यांचे तयार मिश्रण न्या; खोलीत गरम पाण्याची किटली असते तिथे ते होते. दिवसा टॉर्टिया आणि शेंगदाण्याचे लोणी : भाकरी-चटणीचे काम करते, उन्हात बिघडत नाही, दुकानातही मिळते. शिवाय खजूर, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी. भारतातून नेलेले खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करा. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो पिट्सबर्गला घ्या.

काळ : मेचा उत्तरार्ध ते जूनचा पहिला पंधरवडा, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पोटोमॅकचे खोरे दमट असते आणि दुपारी वादळी पाऊस येतो. पानांचे रंग हवे असतील तर ऑक्टोबरचा मध्य, पण तेव्हा संध्याकाळी साडेसहाला सूर्य मावळतो आणि झाडीत अंधार त्याआधीच होतो. उबदार महिन्यांत गोचिडी असतात, त्यांतल्या काहींमुळे लाइम रोग होतो. गवतात बसणे टाळा, रोज अंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे, काखेत आणि केसांच्या कडेला तपासा, सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तीन-तीन पानांची वेल, पॉयझन आयव्ही, हिला हात लावू नका. पाने चुरगळली तरी पुरळ उठतो.

परतीची सोय निघण्याआधीच करा. वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला अॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची गाडी जाते, पूर्वीची कॅपिटल लिमिटेड, नोव्हेंबर २०२४ पासून फ्लोरिडियन. दिवसाला एकच असते आणि पिट्सबर्गला मध्यरात्रीच्या सुमारास पोचते. सायकलींच्या जागा थोड्या आणि त्यांचे आरक्षण वेगळे, तेव्हा तिकीट काढतानाच दोन्ही सायकली त्यात टाका. हीच गाडी कंबरलँड आणि कॉनेल्सव्हिललाही थांबते. म्हणजे चार दिवस गॅप केल्यावर हवामानाने दगा दिला किंवा गुडघ्याने नकार दिला, तर कंबरलँडहून परत फिरता येते. तो पर्याय तारखेसह आधीच कागदावर लिहून ठेवा. कालव्याच्या तोंडाशी पावसात उभे राहून, दमलेल्या अंगाने घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.